कुंभार, शल्यविशारद आणि राजानुज्ञा

गेल्या वर्षी एका रुग्णालयाने आपल्या संमतिपत्राचे मराठी रूपांतर तपासण्यासाठी आमच्या विभागाकडे पाठविले. असली कामे अधूनमधून येतात आणि ती बहुधा कनिष्ठ सहकाऱ्यांवर सोपविली जातात. या वेळी मात्र एका शब्दापाशी काम अडले व ते माझ्या मेजावर आले. ‘अर्हताप्राप्त कॉस्मेटिक सर्जनकडून ही शस्त्रक्रिया करून घेण्यास माझी संमती आहे’ अशा आशयाचे वाक्य मूळ इंग्रजीत होते, आणि भाषांतरकाराने त्या सर्जनसाठी ‘सौंदर्यशल्यविशारद’ हा शब्द योजिला होता. शब्द कानाला बरा लागतो. समास म्हणूनही त्यात दोष काढता येत नाही. पण ‘विशारद’ हे मराठीत आता नुसते विशेषण राहिलेले नाही. संगीताची एक ठरावीक परीक्षा उत्तीर्ण होणारा विशारद होतो. वैद्यकाच्या देशी परंपरेतही ती पदवी म्हणून वापरली गेलेली आहे. तेव्हा हा शब्द वाचून ज्या रुग्णाने खाली सही करावयाची, त्याने कोणती परीक्षा गृहीत धरावी, ती कोणी घेतली असे समजावे, आणि तीत नेमके काय तपासले गेले असे मानावे?

प्रश्न शब्दाचा होता, परंतु त्याचे उत्तर कोशात नव्हते. ते शोधताना जी माहिती हाती आली तिच्यावरून असे दिसते की, शरीराचे रूप बदलणाऱ्या शस्त्रवैद्याला तो अधिकार कशामुळे प्राप्त होतो, याचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले गेले. आणि आजचा घोटाळा हा नवशिक्यांच्या लोभाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या विद्येची व्यावसायिक मांडणी ज्या रीतीने झाली तिच्यातून उद्भवलेला आहे. प्रस्तुत लेखात तो इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. शब्दांचा माग काढीत तो या क्षेत्रात शिरला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आरंभ सुश्रुतसंहितेपासून करणे भाग आहे. अभिमानाने तिचे नाव घेण्याची चाल आता इतकी पडली आहे की, तिच्यात काय लिहिले आहे हे पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. नाक जोडण्याचा विधी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात आहे हे सर्वश्रुतच आहे. नाकाच्या मापाचे पान कापून घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून उचलावी, इत्यादी. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे अध्याय तिसरा, नववा व दहावा हे आहेत. नवव्या अध्यायाचे नावच ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. सर्व शास्त्र ज्याने पढले आहे अशा शिष्याकडूनही गुरूने योग्या करवून घ्यावी, असा तेथे दंडक आहे, आणि मग कोणती क्रिया कशावर गिरवावी याची मोठी तपशीलवार यादी येते. छेदन करावयाचे ते कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. शिरावेध मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. शिवण जाड व तलम वस्त्रांच्या आणि मऊ कातड्याच्या काठांवर. पट्टा बांधण्याचा सराव माणसाच्या पुतळ्यावर. या यादीत कान जोडण्याच्या सरावासाठी मऊ मांसाचे तुकडे व कमळाची नाळ असा वेगळा उल्लेख आहे. सोळाव्या अध्यायात कान जोडण्याचे पंधरा प्रकार नावानिशी दिलेले आहेत. दागिन्यांसाठी कान टोचून वाढविण्याची चाल त्या समाजात होती, आणि वाढविलेली पाळी तुटली म्हणजे ती पुन्हा सांधावी लागे, हे लक्षात घेता हे कर्म आजच्या परिभाषेत निःसंशय सौंदर्यशल्य ठरते. त्यासाठी स्वतंत्र योग्या सांगावी एवढे ते महत्त्वाचे मानले गेले होते.

दहाव्या अध्यायात, वैद्याने व्यवसायासाठी गावाच्या रस्त्यावर केव्हा पाऊल टाकावे, याच्या अटी आहेत. त्यांतील तीन शब्द येथे उचलून घेतो. वैद्य ‘दृष्टकर्मा’ असावा, म्हणजे त्याने दुसऱ्याचे कर्म पाहिलेले असावे. ‘कृतयोग्य’ असावा, म्हणजे त्याने स्वतः सराव केलेला असावा. आणि ‘राजानुज्ञात’ असावा. या तिन्हींच्या आधी अर्थातच शास्त्राचे अध्ययन येते. तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट निषेधरूपाने आली आहे. केवळ शास्त्र जाणणारा रोग्यापुढे गोंधळतो. केवळ कर्मात निष्णात असलेला, पण धिटाईने शास्त्र बाजूस सारणारा, सज्जनांच्या आदरास पात्र होत नाही, इतकेच नव्हे तर तो राजाकडून वधास पात्र ठरतो. दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे. आणि लोभाने माणसे मारणारा कुवैद्य गावात वावरतो तो राजाच्या दोषामुळे, असेही संहिताकाराने स्पष्ट म्हटले आहे. अधिकाराच्या प्रश्नात राज्यसंस्थेचे दायित्व इतक्या उघडपणे सांगणारे वचन अन्यत्र माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आता पुण्याकडे वळू. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात एक पत्र व त्यासोबत एक चित्र छापून आले. टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती. पत्रातील वर्णन नेमके आहे. तुटक्या नाकावर मेणाची पातळ पट्टी बसवून तिला नाकाचा आकार द्यावयाचा. ती सपाट करून कपाळावर ठेवावयाची आणि तिच्या कडेने रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा उचलून, दोन डोळ्यांच्या मधोमध तिचा एक सांधा शाबूत ठेवून, ती पिळून खाली आणावयाची आणि खाचेत बसवावयाची. वर कात पाण्यात कालवून फडक्यांवर लावून त्यांचे पाच-सहा थर. चार दिवसांनी तुपात भिजविलेली फडकी. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास सांधा कापून नाक मोकळे. मेण, कात, तूप ही सारी सामग्री पुण्याच्या कोणत्याही वाण्याकडे मिळणारी आहे. नाजूक आहे तो हात, आणि तो सांधा किती दिवस राखावयाचा याची जाण.

हा माणूस कोण होता? पत्रात त्याचे नाव नाही. तो विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता एवढेच तेथे म्हटले आहे. पुढील काळातील वैद्यकीय लेखनात मात्र पुण्याच्या ‘कुमार’ नावाच्या वैद्याने ही शस्त्रक्रिया केली असे विधान वारंवार भेटते. कोठे कोठे तर ‘कुमार वैद्य’ असे नाव-आडनाव जोडून येते. प्रस्तुत लेखकास हा ‘कुमार’ म्हणजे ‘कुंभार’च असावा असे वाटते. ‘भ’मधील महाप्राण इंग्रजी लेखणीत गळला, अनुनासिकापुढचा ओष्ठ्य त्याच्यात विरून गेला, आणि जातिवाचक नामाचे व्यक्तिनाम झाले. ध्वनिपरिवर्तनाची ही वाट आपणास अपरिचित नाही. ‘कुम्हार’ हे हिंदी रूप तिच्यावरचाच एक टप्पा आहे. (कावसजी हे पारशी वळणाचे नाव कुणब्याला कसे, हाही असाच एक प्रश्न आहे. तेथेही ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष संभवतो.) ज्याला आपण आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पूर्वज म्हणून मिरवितो, त्याचे नाव म्हणून आपल्याजवळ जे आहे ते त्याच्या जातीच्या धंद्याचे नाव आहे. नाव हा अधिकाराचा पहिला पुरावा होय. तोच येथे नाही.

आणि अधिकाराची बाकीची लक्षणे? संहितेच्या कसोटीवर हा कुंभार लावून पाहिला तर निकाल अवघड होतो. तो दृष्टकर्मा व कृतयोग्य होता यात संशय नाही. ही क्रिया हिंदुस्थानात फार पुरातन काळापासून चालत आली आहे व ती बहुतेक यशस्वी होते, असे पत्रकर्त्याने नमूद केले आहे. परंतु तो शास्त्र पढला होता असे म्हणण्यास आधार नाही, आणि पेशवाईने त्याला कोणती सनद दिली होती असेही दिसत नाही. कपाळावरच्या त्वचेची ही रीत संहितेतील गालाच्या रीतीहून वेगळी आहे, म्हणजे ती पोथीतून नव्हे तर हातातून हातात आली. थोडक्यात, ज्याला सुश्रुताने एका पंखाचा पक्षी म्हटले त्यांपैकीच हा एक. आणि तरी त्याचे काम इतके पक्के की पुढे ते लंडनमध्ये गिरविले गेले. या विसंगतीवर आपले लेखक सहसा थांबत नाहीत. सुश्रुत व कुंभार यांना एकाच गौरवगाथेत बसवून ते पुढे जातात. वस्तुतः ती दोन भिन्न परंपरांची नावे आहेत, आणि पहिलीच्या नियमाने दुसरी दंडनीय ठरते.

अशा हस्तपरंपरा घराण्यात राहतात. कांगड्याच्या कांघियारा घराण्यात नाक जोडण्याची विद्या विसाव्या शतकापर्यंत टिकली होती. इटलीतही पंधराव्या शतकात कातानियाच्या ब्रांका पितापुत्रांकडे ती होती, आणि बोलोन्याच्या तालियाकोत्सीने 1597 मध्ये ग्रंथ लिहून ती विद्यापीठाच्या कक्षेत आणली. त्याच्यामागे ती युरोपात जवळजवळ विसरली गेली. ग्रंथ राहिला, हात गेला.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने पुण्याचे वृत्त वाचल्यानंतर काय केले, हे प्रशिक्षणाच्या इतिहासात पाहण्यासारखे आहे. त्याने लगेच शस्त्र उचलले नाही. हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे त्याने चौकशा केल्या, प्रेतांवर ही क्रिया करून पाहिली, आणि अखेर 1814 मध्ये एका सैनिकी अधिकाऱ्यावर ती केली. दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे वृत्त त्याने 1816 मध्ये प्रसिद्ध केले. मासिकातील पत्र हे त्याचे शास्त्र, प्रेत हीच त्याची योग्या. कोहळा व कमळाची नाळ यांच्या जागी शवागार आले, एवढाच काय तो फरक. बर्लिनच्या ग्रेफेने 1818 मध्ये नासासंधानावर ग्रंथ लिहून त्याच्या नावात ‘प्लास्टिक’ हे पद घातले, आणि त्साइसने 1838 मध्ये ‘प्लास्टिक शल्य’ या नावाने पहिला हस्तग्रंथ सिद्ध केला.

या शब्दाची व्युत्पत्ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीक भाषेत ज्या धातूपासून ‘प्लास्टिक’ आला त्याचा मूळ अर्थ मातीला आकार देणे, घडविणे असा आहे. कुंभाराच्या कर्माचाच तो धातू. त्साइसच्या मनात पुण्याचा कुंभार असण्याचे कारण नाही. तरी जातीचे नाव गमावलेल्या त्या माणसाच्या धंद्याचे नाव त्याच्या विद्येला मिळाले, हा योगायोग नोंदण्याजोगा खरा. उलट ‘कॉस्मेटिक’ हा शब्द ‘कॉस्मॉस’ पासून निघतो, ज्याचे सुव्यवस्था व अलंकरण असे दोन्ही अर्थ होतात. पहिला शब्द करणाऱ्याच्या हाताकडे पाहतो, दुसरा पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे.

आपल्याकडे या दोन्ही धारांचा संगम जुनागढ संस्थानात झालेला दिसतो. तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी 1889 मध्ये नासासंधानावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या हातून शंभरावर अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. काडू मकराणी व इतर बंडखोर माणसांची नाके कापीत, त्यामुळे काडू कापतो आणि त्रिभुवन जोडतो असे लोक म्हणत. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण, देशी रीतीचा हात आणि संस्थानची नेमणूक या तिन्ही गोष्टी येथे एका माणसात एकत्र आल्या. संहितेच्या अर्थाने हा खरा राजानुज्ञात. त्याची गणना आपण पुण्याच्या कुंभाराच्या मानाने कमी का करतो, हे मला उमगलेले नाही.

सौंदर्यशल्याची खरी कोंडी मात्र पुढे आहे, आणि ती समजण्यास बर्लिन व अमेरिका यांकडे जावे लागते. बर्लिनच्या याकोब योझेफ याने 1896 मध्ये एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने मागे घेतले. मुलाला रोग नव्हता. त्याला शाळेत चिडवीत. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण योझेफला आपल्या प्रमुखाच्या विभागातील जागा गमवावी लागली. पुढे तोच नाकाच्या शल्याचा आचार्य झाला व परदेशांतून शिकणारे त्याच्याकडे येऊ लागले. शिकागोच्या चार्ल्स मिलरने 1907 मध्ये केवळ सौंदर्यशल्यावर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या समव्यवसायिकांनी त्याची संभावना भोंदू म्हणून केली. न्यूयॉर्कमध्ये 1923 साली नटी फॅनी ब्राइस हिच्या नाकावर हेन्री शायरसनने केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तपत्रांतून मोठा गाजावाजा झाला. हा शायरसन पुढे अनेक रुग्णांच्या दाव्यांत सापडला; ‘भोंदूंचा राजा’ अशी त्याची ख्याती झाली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, तो डॉक्टर नव्हता असे नाही. वैद्यकीचा परवाना त्याच्याजवळ होता. परवाना एवढेच सांगे की हा वैद्य आहे. हा नाक कापू जाणतो की नाही, याबद्दल तो मौन होता.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने या विद्येला प्रतिष्ठा दिली. सिडकप येथील रुग्णालयात हॅरल्ड गिलीज व त्याच्या सहकाऱ्यांनी 1917 पासून पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. खंदकातून केवळ डोके वर काढणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावर आघात होत, त्यामुळे हे रुग्ण आले. आणि एका जागी इतके रुग्ण आल्यामुळे प्रथमच या विद्येची शाळा झाली. तरीही 1939 मध्ये सबंध ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन चारच होते. तेथील संघटना 1946 मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत सेंट लुईसच्या व्हिल्रे ब्लेअरच्या पुढाकाराने 1937 मध्ये प्लास्टिक सर्जरीचे परीक्षामंडळ निर्माण झाले, आणि 1941 मध्ये त्यास इतर विषयांच्या मंडळांबरोबरीचा दर्जा मिळाला. अमुक वर्षे शल्याचे सामान्य शिक्षण, अमुक वर्षे विशेष शिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र हा आज जगभर रूढ असलेला साचा तेथे पक्का झाला.

या मंडळाच्या संस्थापकांपुढे एक पेच होता. जे कौशल्य भाजलेल्या, फाटलेल्या चेहऱ्याला लागते, तेच धडधाकट चेहऱ्याच्या नाकाला लागते. परंतु पहिल्याने प्रतिष्ठा येत होती व दुसऱ्याने शायरसनची आठवण. तेव्हा त्यांनी विद्येचे मुख्य अंग पुनर्रचना हे ठरविले आणि सौंदर्यशल्य हे तिचे एक अंग म्हणून, काहीशा संकोचाने, पदरी घेतले. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी हे आवश्यक होते असे मानले तरी त्याचा परिणाम असा झाला की, सौंदर्यशल्य शिकण्याची जागा प्रशिक्षणाच्या मध्यभागी न राहता कडेला गेली. सुश्रुतसंहितेत असा विभाग नाही. तिच्या चिकित्सास्थानात व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत त्यांत वणाचा डाग काळा वा पांढरा करणे, गेलेले केस उगवविणे, नको ते केस घालविणे ही कर्मे व्रण शिवण्याच्या पंक्तीलाच बसविली आहेत. व्रण भरणे आणि तो दिसेनासा होणे हे तेथे एकाच उपचाराचे आदि-अंत आहेत.

हाच साचा स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे आला. भारतीय प्लास्टिक सर्जनांची संघटना 1957 मध्ये स्थापन झाली, आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो व डॉ. नोशीर अंटिया यांनी ही विद्या रुजविली. अंटियांनी तर कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या हातांसाठी व चेहऱ्यांसाठी ती वेचली, आणि स्वतः गिलीजच्या हाताखाली शिकलेला हा माणूस पुढे खेड्यातील आरोग्यसेविकांच्या कामाकडे वळला. आज एखाद्या विद्यार्थ्याने एम.बी.बी.एस., मग शल्याची एम.एस. व मग प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. असा नेहमीचा मार्ग धरला तर त्याची साडेपाच, तीन व तीन मिळून साडेअकरा वर्षे जातात. परंतु ही वर्षे बहुतांशी जेथे जातात त्या सरकारी रुग्णालयांत भाजलेले, अपघातात सापडलेले, यंत्रात हात गेलेले रुग्ण येतात. नाक सरळ करून घेणारा वा पोटाची चरबी काढविणारा रुग्ण खाजगी रुग्णालयात जातो. आणि पैसे मोजून आलेला रुग्ण शिकाऊ हाताला आपल्या नाकाजवळ येऊ देत नाही, हे स्वाभाविक आहे. त्यामुळे पदवीने शल्यकर्माचा पक्का पाया मिळतो, सौंदर्यशल्याची योग्या मात्र पदवीनंतर एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली, जशी मिळेल तशी, करावी लागते. येथे घराण्याची रीत मागील दाराने परत आलेली आहे.

दुसऱ्या बाजूने राजानुज्ञेचे काय झाले ते पाहू. मुंबई इलाख्यात 1912 च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली; 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांचीही झाली. केंद्रीय कायदे 1933, 1956 व 2019 या वर्षांचे. या सर्व कायद्यांनी वैद्य कोण आणि अवैद्य कोण ही सीमा आखली. वैद्यांच्या आत कोणी कोणती शस्त्रक्रिया करावी ही सीमा मात्र कायद्याने नव्हे तर व्यवसायाच्या आचारसंहितेने आखली गेली. त्या विशेष शाखेची अर्हता असल्यावाचून डॉक्टरने आपणास तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असा नियम 2002 च्या आचारनियमांत आहे. शब्दावर लक्ष द्यावे: तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये. नियम कर्मावर नाही, नावावर आहे. आणि नाव टाळण्याच्या वाटा भाषेत अनंत आहेत. आमच्या महाविद्यालयाच्या रस्त्यावरून चालताना मी पाट्या वाचीत जातो. ‘सौंदर्य चिकित्सा केंद्र’, ‘कॉस्मेटिक क्लिनिक’, ‘हेअर अँड स्किन’ या पाट्यांत जागेचे नाव आहे, क्रियेचे आहे, अवयवांचे आहे. कर्त्याचे विशेषण नाही. तज्ज्ञ असल्याचा दावा कोणीच केलेला नाही. तो वाचणाऱ्याने आपल्या मनाने पुरविला आहे.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. चेन्नईत 2016 साली केस लावून घेण्यासाठी गेलेला एक तरुण मरण पावला. तो स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सामान्य माणसाने पाटी वाचून पारख करावी ही अपेक्षा किती पोकळ आहे ते कळते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सौंदर्योपचार व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कोणती अर्हता हवी हे आहेच, शिवाय कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहून या क्रिया करू लागणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असेही बजावले आहे. दृष्टकर्मा आणि कृतयोग्य हे दोन शब्द वेगळे का ठेवले गेले होते, याचे यापेक्षा चांगले भाष्य मला सुचत नाही. पाहणे आणि करणे यांच्यामधली जागा भोपळ्याने भरावयाची की शवाने, की ज्येष्ठाच्या देखरेखीखालील रुग्णाने, एवढाच प्रश्न युगानुयुगे बदलत आला आहे. ती जागा रिकामी ठेवण्याची सूचना कोणत्याही शास्त्राने केलेली नाही.

शब्दांवरून झालेला दुसरा तंटा 2020 च्या नोव्हेंबरातील आहे. आयुर्वेदाच्या शल्य व शालाक्य या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कोणत्या शस्त्रक्रिया शिकाव्यात याची अठ्ठावन्न नावांची यादी अधिसूचनेने जाहीर झाली, तेव्हा आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. 11 डिसेंबर रोजी देशभर काम बंद ठेवण्यात आले. यादीत आधुनिक परिभाषा वापरली होती हा आक्षेपाचा एक भाग होता. शास्त्रीय परिभाषा ही साऱ्या मानवजातीची ठेव आहे, तिच्यावर कोणा एका पंथाची मालकी नाही, असे उत्तर आयुष मंत्रालयाने दिले. भाषाशास्त्रज्ञ म्हणून मी या उत्तराशी सहमत आहे. रुग्ण म्हणून ते मला अपुरे वाटते. शब्द सर्वांचा असू शकतो. त्या शब्दामागची योग्या कोणी, कोठे, किती केली हे सर्वांचे असू शकत नाही, आणि वाद खरे म्हणजे तेथे व्हावयास हवा होता. दोन्ही पक्ष सुश्रुताचे नाव घेत होते. नवव्या अध्यायाचा उल्लेख निदान माझ्या वाचनात तरी कोणी केलेला आला नाही.

नावाचाच बंदोबस्त कायद्याने करावयाचा तर तो कसा होतो, याचे एक अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, शल्याचे विशेष शिक्षण नसले तरी, स्वतःस ‘कॉस्मेटिक सर्जन’ म्हणवू शके. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियांतून रुग्णांना झालेल्या इजा वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने उजेडात आणल्यावर 2023 च्या सप्टेंबरात कायदा बदलला, आणि ‘सर्जन’ हे नाव शल्य, स्त्रीरोग-प्रसूती व नेत्र या शाखांच्या मान्य तज्ज्ञांपुरते राखून ठेवण्यात आले. याउलट ब्रिटनमध्ये ‘सर्जन’ या शब्दाला कायद्याचे असे संरक्षण अद्याप नाही. निकृष्ट सिलिकोनच्या स्तनरोपणांचे प्रकरण 2010 मध्ये उघडकीस आल्यानंतर ब्रूस किओ यांच्या समितीने 2013 मध्ये कडक प्रमाणनाची शिफारस केली, तरीही नाही. एकाच भाषेतला एकच शब्द, आणि दोन देशांत त्याचे वजन निराळे. अर्थ कोशात नसतो असे आम्ही वर्गात शिकवितो. तो कधी कधी राजपत्रात असतो, हेही शिकवावयास हवे.

ऑस्ट्रेलियाच्या उपायालाही मर्यादा आहे. नाव राखून ठेवले तरी कर्म मोकळे राहते. ‘सर्जन’ न म्हणविता तीच क्रिया करणारा डॉक्टर उरतोच, आणि म्हणून तेथे त्याच वर्षी जुलैपासून सौंदर्यशल्यासाठी वेगळ्या शिक्षणाची स्वतंत्र नोंद डॉक्टरच्या नावापुढे करण्याची व्यवस्थाही आणावी लागली. नाव व योग्या यांची नोंद एकाच ठिकाणी, कोणालाही पाहता येईल अशी असावी, हे त्यातले तत्त्व. आपल्या नोंदवहीत पदवी सापडते; पुण्याच्या त्या कुंभाराजवळ जे एकच होते, म्हणजे या हाताने हेच काम यापूर्वी किती वेळा केले, ते तिच्यात सापडत नाही.

संमतिपत्राच्या बाबतीत आम्ही शेवटी ‘सौंदर्यशल्यविशारद’ हा शब्द खोडला. त्याच्या जागी दुसरा शब्द सुचविला नाही. तेथे चार रिकाम्या ओळी आखून दिल्या: शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, त्यांच्या पदव्या व त्या देणाऱ्या संस्था, नोंदणी क्रमांक, आणि हीच शस्त्रक्रिया त्यांनी यापूर्वी किती वेळा केली आहे. रुग्णालयाने मसुदा आभारपूर्वक स्वीकारला. छापून आलेल्या प्रतीत ओळी तीन आहेत.